ढावल्यात नाव घेत नाहीत

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी अलंकार शिकवते आणि दरवर्षी एका ठिकाणी माझं डोकं फिरतं. उपमा होते, उत्प्रेक्षा होते, अतिशयोक्तीपाशी आलो की कोणीतरी हात वर करून विचारतंच, "बाई, म्हणजे हे खोटं असते का?" मार्गदर्शिकेत उत्तर तयार आहे: कवीचं बोलणं शब्दशः घ्यायचं नसतं, त्यातला भाव घ्यायचा असतो. पोरं ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात आणि मार्क मिळवतात. मीही तसंच सांगते, कारण नोकरी त्याचीच आहे. पण सांगताना माझी आत्या डोळ्यांपुढे येते आणि हातातला खडू भिंतीवर फेकून मारावासा वाटतो.

आत्याचं नाव जमनी. उमरखेड तालुक्यात, ढाणकीपासून बैलगाडीच्या वाटेनं गेलं की आमचा तांडा लागतो. आमचे पूर्वज पाठाळ बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. माझे आजोबा नेमसिंग यांच्या वेळेपर्यंत ते सगळं सुटलं होतं आणि तांडा कापूस, तूर, ज्वारी पेरून एका जागी बसला होता. घरात आम्ही गोर बोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी. इथं मी सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहिते, वाचणाऱ्याला अडायला नको. ही हकिकत मला दोघींकडून कळली. एक माझी आई रुक्माबाई, म्हणजे जमनीची भावजय, आणि दुसरी खुद्द आत्या. आई थांबत थांबत सांगते, आत्या एका दमात सांगून मोकळी होते.

आधी ढावलो काय असतो ते सांगायला पाहिजे. आमच्यात नवरी सासरी निघताना नुसती रडत नाही, शब्दांत रडते. एकेकाच्या गळ्यात पडून, सूर धरून, ओळी रचून रडते. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. तो आपोआप येत नाही, शिकावा लागतो. लग्न ठरलं की तांड्यातली एखादी जाणती बाई नवरीला शेजारी बसवून शिकवते. आमच्या तांड्यात ते काम सुखीबाईकडे होतं. सुखीबाई तोंडाची फाटकी, तंबाखूची भोक्ती आणि शिकवण्यात कोणाचीही गय न करणारी.

तिचे नियम ठरलेले होते. आई सांगते, त्या दिवसांत सुखीबाई दुपारी ओट्यावर यायची, जमनीला समोर बसवायची आणि म्हणायची, "बापाच्या गळ्यात पडली का त्याले कसाई म्हणाचं. भावाले वैरी म्हणाचं. याडीले दगड म्हणाचं. पण नाव कोणाचंच घ्याचं नाही. नदी म्हण, कोणती ते सांगू नको. विहीर म्हण, कोणाची ते सांगू नको. नाव घेतलं का भांडण होते. नाव नाही घेतलं का रडू येते."

याडी म्हणजे आई. तर असा हा प्रकार. नवरी बापाला भर मांडवात कसाई म्हणते आणि बाप रागवत नाही, उलट ढसाढसा रडतो. कारण तो कसाई नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तिलाही ठाऊक असतं. जी पोरगी जास्त कठोर बोलते तिचं जास्त कौतुक होतं. मी कॉलेजात जाऊन पुस्तकं उलथी-पालथी केली, पण कथेतलं पात्र म्हणजे काय आणि खरा माणूस म्हणजे काय, हे सुखीबाईनं ओट्यावर सांगितलं त्याहून सोपं करून कोणी सांगितलं नाही. माझा राग सुखीबाईवर नाहीच. तिच्या नियमामागे जे लपून बसले त्यांच्यावर आहे.

जमनीचं लग्न एकोणसाठच्या उन्हाळ्यात ठरलं. मुलगा पैनगंगेपलीकडच्या तांड्यातला, देवीलाल नाव. छप्पन सालापर्यंत नदीपलीकडे हैदराबादचं राज्य होतं. ती हद्द पुसली तशी लोकांची ये-जा वाढली आणि सोयरिकीही वाढल्या. देवीलालची शेती ओलिताची, घर मोठं. त्याची पहिली बायको वारली होती, पण मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. पंचांसमोर गूळ खाल्ला गेला. गूळ खाल्ला की शब्द झाला, आणि शब्द मोडला की बापाची मान तांड्यात खाली जाते.

गूळ खाऊन थोडे दिवस झाले असतील. जमनी आणि माझी आई ढाणकीच्या बाजारात गेल्या होत्या. मिरची घेऊन वळल्या तर एक म्हातारी त्यांच्यामागून येत होती. आमच्यातलीच बाई, पेहरावावरून कळत होतं. तिनं जमनीचा हात धरला आणि विचारलं, "तुलेच देऊन राह्यले का देवीलालच्या घरी?"

जमनी हो म्हणाली. म्हातारी म्हणाली, "मी लालीबाई. मथुरीची याडी. ते पहिली बायको होती ना त्याची, ते माही पोरगी."

मग तिथंच, मिरचीच्या पोत्यांच्या आडोशाला, तिनं सांगितलं. मथुरी विहिरीत पडली असं सगळे म्हणतात, ती पडली नव्हती. तिचा डावा हात मरण्याच्या आधीच मोडलेला होता आणि हे लालीबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कारण आदल्या आठवड्यात ती लेकीला भेटायला गेली होती. मोडक्या हाताची बाई रहाट नसलेल्या विहिरीवर पाणी ओढायला कशाला जाईल? देवीलाल मारायचा. एकदा त्यानं मारलं आणि मग विहिरीत टाकली. लालीबाई त्यांच्या नायकाकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे गेली, तर नायक म्हणाला, लेक गेली की आईचं मन असंच बोलतं.

"मी तुले सांगतलं," लालीबाई म्हणाली. "आता तुह्या हातात."

तिच्या हातात काय होतं? सोळा-सतरा वर्षांची पोरगी. तिनं घरी येऊन तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला सांगितलं. आजी म्हणाली, चूप, लग्नाच्या घरात असं बोलू नाही. तिनं बापाला सांगितलं. माझे आजोबा वाईट नव्हते. लेकीवर त्यांचा जीव होता, बाजारातून येताना तिच्यासाठी काहीतरी आणल्याशिवाय ते येत नसत. पण ते म्हणाले, "लोक बोलतेतच. मी गूळ खाल्ला हाय. कोण्या म्हातारीच्या बोलण्यावरून आता पंचाले काय सांगू?"

"विचारून तं पाहा," जमनी म्हणाली.

"विचारलं का तो अपमान होते."

झालं. पोरीच्या जिवापेक्षा विचारण्याचा अपमान जड झाला. आणि ते नेमसिंग माझेच आजोबा होते, मला खांद्यावर घेऊन शेतात नेणारे.

यावर जमनीनं जो विचार केला तो आमच्या तांड्यातली पोरगीच करू शकते. तिला वाटलं, नवरी ढावलो म्हणते तेव्हा तिला मधे कोणी तोडत नाही. तो रिवाजच आहे. बाप, नायक, दोन्हीकडचे पंच, सगळे समोर उभे असतात आणि तिचं संपेपर्यंत कोणालाही बोलता येत नाही. बाईमाणसाला भर सभेत बोलायला मिळतं ते आयुष्यात तेवढंच. तर तिथंच सांगायचं. सगळ्यांच्या कानावर पडलं की मग कोण नाही म्हणेल?

तिनं हे कोणाला सांगितलं नाही. सुखीबाईकडून ती मुकाट्यानं सगळं शिकली, आणि चांगलं शिकली. तिचा आवाज असा होता की विहिरीवरच्या बायका घागर टेकवून ऐकत उभ्या राहायच्या. तोच आवाज तिच्या मुळावर आला.

लग्न लागलं, फेरे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली. जमनी बापाच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर धरला. सुरुवात सुखीबाईची होती. बा, तू कसाई झाला. बा, तू दाव्याला धरून मला दुसऱ्याच्या हाती दिलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग तिनं शिकवलेलं सोडलं.

आईला त्या ओळी पाठ आहेत. ती मला चालीवर म्हणून दाखवते, मी नुसते शब्द लिहिते. बा, नदीपलीकडे देवीलालची विहीर हाय, तिले रहाट नाही. बा, त्या विहिरीत मथुरी हाय, लालीबाईची लेक. बा, तिचा डावा हात मोडला होता. बा, मोडक्या हातानं कोणी पाणी ओढते का? बा, देवीलालनं तिले मारलं आणि लोटलं. बा, तू मले तिच्या जागी पाठवून राह्यला.

नावं घेतली. विहिरीचं घेतलं, मेलेलीचं घेतलं, मारणाऱ्याचं घेतलं. तो माणूस फेटा बांधून पाच हातांवर उभा होता.

आणि लोक रडले. आई सांगते, तशी रड तिनं कोणत्याच लग्नात पाहिली नाही. बापे पालथ्या हातानं डोळे पुसत होते. आजोबा तर लेकीला धरून गदगदत होते. आमच्या तांड्याचा नायक धावजी, जो कोणाच्या मैताला रडला नव्हता, तोही तोंड फिरवून उभा राहिला. एक बाई दुसरीला म्हणाली, "काय पोट्टी हाय, कसं जोडून राह्यली."

जोडून राह्यली. पोरगी खून सांगत होती आणि ह्या बयांना रचना दिसत होती.

एकदोन माणसं चपापली असतील. नावं ऐकून देवीलालचा चेहरा उतरला होता, असं आई म्हणते. पण त्याची एक काकू होती, जाडजूड, अंगभर चांदी घातलेली. ती पुढं आली आणि सगळ्यांपेक्षा मोठा गळा काढून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "पाहा वो, कसं मन हाय पोरीचं. आमच्या मेल्या मथुरीलेही इसरली नाही. सवत असून तिच्यासाठी रडून राह्यली. नशिबानंच लोटलं वो तिले विहिरीत, नशिबानंच हात मोडला तिचा."

बघा, किती सफाईनं केलं. देवीलालच्या जागी नशीब आणून बसवलं. वर्गात मी पोरांना कवितेचा अर्थ लावायला शिकवते तेव्हा ही बाई मला आठवते, कारण तिच्याइतका चलाख अर्थ मी कोणाला लावताना पाहिलं नाही. लोकांना तेच पाहिजे होतं. खरं मानलं तर लग्न मोडायचं, भांडण करायचं, गुळाचा शब्द परत घ्यायचा. रूपक मानलं तर नुसतं रडायचं आणि जेवून घरी जायचं. त्यांनी स्वस्तातलं घेतलं.

जमनीनं ते पाहिलं. तिनं सूर सोडला. बापाच्या गळ्यातून बाजूला झाली, डोळे पुसले आणि रोज बोलतो त्या आवाजात म्हणाली, "हे गाणं नाही. मी खरं सांगून राह्यली. लालीबाईले बलावून विचारा."

काकू लगेच म्हणाली, "अगं माय, आता तं बोलूनही रडवून राह्यली." आणि बायका पुन्हा रडायला लागल्या.

सुखीबाई मात्र रडत नव्हती. ती गर्दीतून वाट काढत नायकापाशी गेली आणि म्हणाली, "धावजी, हे म्या शिकवलं नाही. ढावल्यात नाव घेत नाहीत. पोट्टीनं नाव घेतलं, याचा अर्थ समज."

धावजी नाक शिंकरून म्हणाला, "म्हणजे तिनं मनानंच रचलं. शाबास हाय तिची, अन् तुहीही."

सुखीबाईनं त्याच्या पायापाशी तंबाखू थुंकली. त्यापुढे तिचंही काही चाललं नाही.

आता एकच रिवाज उरला होता. आमच्यात नवरीला शेवटी बैलाच्या पाठीवर उभी करतात. बाजूनं माणसं धरतात, आणि ती दोन्ही हात वर करून बापाच्या घराला आशीर्वाद देते. माझ्या बापाची गुरं वाढू दे, चूल पेटती राहू दे, तांडा नांदू दे. या गाण्याला हवेली म्हणतात. नवरीनं हवेली म्हटल्याशिवाय बैल पाऊल उचलत नाही. न म्हणता गेली तर घर ओसाड पडतं, गाई आटतात, असं जुनी माणसं मानतात.

जमनीला बैलावर चढवलं. ती उभी राहिली. हात वर केले नाहीत, तोंडही उघडलं नाही.

सुखीबाईनं खालून पहिली ओळ हळूच म्हणून दाखवली, विसरली असेल तर आठवावी म्हणून. जमनी तिच्याकडे पाहून नुसती मान हलवून 'नाही' म्हणाली. लोक थांबले. एकमेकांकडे पाहू लागले. वाजवणाऱ्यानं डफ खाली ठेवला. मघापासून रडणारे सगळे डोळे कोरडे झाले आणि त्यांत भीती आली. आजोबांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"बोल ना, बाई," ते म्हणाले.

"विहिरीचं विचारा," जमनी वरून म्हणाली. "मग म्हणते."

धावजी समजावून पाहू लागला. आजी हात जोडायला लागली. घराचा तळतळाट घेऊ नको, असं म्हणाली. जमनी तेच म्हणत राहिली, विहिरीचं विचारा. ऊन डोक्यावर आलं. बैल पाय हलवू लागला तसे धरणारे दमले. शेवटी धावजी देवीलालकडे वळला आणि कसंबसं म्हणाला, "ते मथुरीचं... एकदा सांगून टाका ना बाप्पा, म्हणजे पोरगी मोकळी होईल."

देवीलाल भडकला. म्हणाला, "आम्ही नवरी न्याले आलो, कोर्टात नाही आलो." काकूनं रडणं थांबवून शिव्या द्यायला सुरुवात केली. मघाची गोड पोरगी आता डाकीण झाली. त्यांच्या पंचांनी गाड्या जुंपल्या. त्यांना खात्री होती की नेमसिंग मागे पळत येईल, पाया पडेल आणि पोरीला गाडीत टाकेल.

नेमसिंग गेले नाहीत. ते बैलापाशीच उभे राहिले. यात लेकीवरचा विश्वास होता, असं मला लहानपणी वाटायचं आणि मी मैत्रिणींना तसं सांगायचीही. मोठी झाल्यावर मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "हवेली न म्हणता पोरगी धाडली असती तं घर बसलं असतं माहं." म्हणजे मेलेल्या बाईनं त्यांचं मन हललं नाही, गाई आटण्याच्या भीतीनं हललं. खरं सांगून जे झालं नाही ते गप्प राहून झालं. आत्या वाचली याचा मला आनंद आहे, पण ती कशी वाचली हे आठवलं की त्या आनंदाला चव राहत नाही.

गाड्या धुळीत दिसेनाशा झाल्यावर जमनी खाली उतरली. आजोबा म्हणाले, आता म्हण हवेली. ती म्हणाली, "विचारलं का?" कोणी विचारलं नव्हतं. तिनं हवेली म्हटली नाही.

त्यानंतर ती आमच्याच घरात राहिली. लग्न झालेली आणि सासर न पाहिलेली. लोकांनी तिला नावं ठेवायला कमी केलं नाही. पुढच्या साली जमनीमुळे पाऊस कमी झाला, त्याच्या पुढच्या साली जमनीमुळे बाबूसिंगची म्हैस मेली. ती शेतात जायची, कापूस वेचायची, भावाच्या लेकरांना सांभाळायची. त्यातली एक मी. शुभकार्यात तिला पुढं बोलवत नसत. मला शाळेत घालायचं तिनं ठरवलं. माझ्या बापानं नाही म्हटलं तेव्हा ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही आणि मग मला हाताला धरून स्वतःच नेऊन बसवलं.

एकसष्ट साली कळलं की देवीलालचं पुन्हा लग्न ठरलं. पोरगी केसी नावाची, चार कोसांवरच्या एका तांड्यातली. जमनी लालीबाईला घेऊन तिथं गेली. या वेळी गाणं नाही, सूर नाही, रडणं नाही. नायकासमोर उभं राहून तिनं सरळ शब्दांत सगळं सांगितलं. लालीबाईनं हात कसा मोडला होता ते सांगितलं. यापेक्षा साधं, बिनअलंकाराचं बोलणं कोणत्या व्याकरणात सापडेल?

तो नायक म्हणाला, "तू तेच ना, हवेली न म्हणणारी? तुह्या घरचं वाटोळं केलं, आता आमच्या घराचं कायले करून राह्यली?" लालीबाईकडे तर त्यानं पाहिलंही नाही. गाऊन सांगितलं तेव्हा काव्य होतं, बोलून सांगितलं तेव्हा मत्सर झाला. मग बाईनं सांगायचं तरी कसं, हे मला कोणीतरी समजावून द्या. मी पंचवीस वर्षं भाषा शिकवते आहे, मला अजून कळलेलं नाही.

निघताना केसी दाराआड उभी दिसली. जमनीनं तिला एवढंच सांगितलं, "ढाणकीच्या जवळ आमचा तांडा. नेमसिंगचं घर कोणालेही विचार." केसीचं लग्न झालं. तिनं ढावलो चांगला म्हटला असं ऐकलं.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात एका दुपारी केसी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिनं नदी उतरून, शेतांतून लपत छपत वाट काढली होती. उजवा हात ओढणीत गुंडाळून छातीशी धरला होता. ओढणी सोडली तेव्हा आई किंचाळली. हात कोपरापासून वाकडा झाला होता आणि सुजून त्यात चुडा रुतला होता. आमच्या बायका दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्यांचा चुडा घालतात. नवरा जिवंत असेपर्यंत दंडावरचा चुडा उतरवत नाहीत. हाडवैद्य उकंडा आला. म्हणाला, हे काढल्याशिवाय हात बसवता येत नाही. जमनीनं स्वतः कानशीनं एकेक बांगडी कापली. केसी दातात पदर धरून बसली होती.

आठ-दहा दिवसांत देवीलालकडचे पंच आले, केसीच्या माहेरचेही आले. आमच्या अंगणात बैठक बसली. धावजी मधे बसला, आजोबा त्याच्या शेजारी. केसीला पुढं बसवलं. तिचा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता, दंड उघडा.

आणि ते काय बोलले? तासभर ते चुड्यावर बोलले. नवरा जिवंत असताना हिचा चुडा कोणी उतरवला? हा अपशकुन आहे. ज्यानं उतरवला त्यानं दंड भरावा. केसीच्या माहेरचा नायक म्हणाला, मागच्या वेळेलाच मी म्हटलं होतं, ही बाई घरं मोडणारी आहे. देवीलालचे पंच म्हणाले, हात काय, पोरगी ओट्यावरून पडली. धावजीही मान डोलवून म्हणाला, "चुडा नव्हता उतरवाले पाहिजे."

जमनी भिंतीला टेकून ऐकत होती. ती उठली, बैठकीच्या मधोमध आली आणि केसीच्या शेजारी बसली. आईनं तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा आवाज वर गेला नाही. तिनं केसीचा बांधलेला हात अलगद उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला.

"चुडा दिसला तुमाले," ती म्हणाली. "हात नाही दिसला. हा पाहा. मथुरीचा डावा होता, हिचा उजवा हाय."

ती एकेकाकडे पाहत गेली, धावजीकडे, माहेरच्या नायकाकडे, आणि शेवटी माझ्या आजोबांकडे.

"बा, म्या गाऊन सांगतलं तई तुम्ही सगळे रडले. त्या विहिरीसाठी रडले, त्या मोडक्या हातासाठी रडले. आज हात समोर आणून ठेवला. आता काहून नाही रडून राह्यले?"

आजोबांनी मान खाली घातली. धावजी जमिनीवर काडीनं रेघा ओढत म्हणाला, पोरगी इथंच राहू द्या. देवीलालचे पंच उठले आणि पाणी न पिता गेले. केसी आमच्या घरी राहिली, आत्याच्या खोलीत. उकंडानं खूप खटपट केली, पण तो हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. ती डाव्या हातानं कापूस वेचायला शिकली.